बरी झालेली पोर

ती मॅडम बूट घालून आत आली, तिथंच माझ्या डोक्यात गेली. सकाळी आठला येऊन मी फरशी पुसलेली. त्याच फरशीवर पोरं मांडी घालून उप्पीट खातात, आणि ही बया धुळीच्या बुटांनी खोलीभर फिरून भिंतीवरची चित्रं बघत होती. मी फडकं घेऊन तिच्या मागं मागं पुसत गेले. तिनं मागं वळून बघितलंसुद्धा न्हाय.

मी शालूबाई. कोगनोळीच्या अलीकडं, हायवे सोडून दोन किलोमीटर आत, कर्नाटकाच्या हद्दीत आमचं गाव. तिथल्या अंगणवाडीत मी सतरा वर्षं आया आहे. कागदावर सहायिका म्हणतात. सहायिका म्हणजे काय, तर झाडायचं, पुसायचं, उप्पीट करायचं, शेंबूड काढायचा, कुणी चड्डीत केली तर धुवायची, आणि कुणी साहेब आला की दाराशी उभं राहायचं. शिकवायचं काम वासंती टीचरचं. ती निपाणीहून स्कूटीवर येते. वाईट न्हाय बिचारी, पण कागदाला लई भिते. वरनं एक कागद आला की दिवसभर तिला जेवण जात न्हाय.

यंदा वरनं कळलं, की जूनपासून आमच्या अंगणवाडीत एलकेजीचा वर्ग सुरू होणार. टेबलं येणार, खुर्च्या येणार, पोरं चारपर्यंत बसणार. जागा पंचवीस आणि पोरं एकेचाळीस. म्हणून मग चाचणी. कुणाच्या डोक्याची वाढ किती झाली ते शास्त्रानं बघायचं आणि मगच घ्यायचं. त्यासाठी बेंगळुरूची एक संस्था नेमलेली. तिचं नाव मी घेत न्हाय. माझं तोंड कशाला विटाळू?

त्या एकेचाळिसांत माझी नात होती, स्वराली. साडेचार वर्षांची. तिचा बाप, म्हणजे माझा नागेंद्र, कागलच्या फॅक्टरीत पाळीवर जातो. आई रूपाली तंबाखूच्या कामाला. हंगाम सुरू झाला, की अंगणवाडी सुटल्यावर पोरीला कुठं ठेवायचं? घर बंद. मग मी तिला घेऊन शेतात जायचे, रूपालीच्या हाताखाली. आम्ही वाळलेला पाला गोळा करायचो आणि ती बांधाच्या कडेला पोत्यावर बसायची, नाकातोंडाला फडकं बांधून. बांधलं न्हाय, तर ती धूळ घशात जाऊन पोर खोकून खोकून ओकायची. गेल्या हंगामात दोनदा डॉक्टरकडं न्यावी लागली. डॉक्टर म्हणाला, हिला तंबाखूपासून लांब ठेवा. ठेवतो म्हटलं. कुठं ठेवणार? आकाशात?

म्हणून मला ती एलकेजी पायजे होती. पोरगी इंग्रजी शिकून कलेक्टर व्हावी म्हणून न्हाय. चारपर्यंत छपराखाली बसावी, एवढ्यासाठी.

तर चाचणी. मॅडमचं नाव श्रिया. पंचवीसची असेल, गळ्यात ओळखपत्र, बोलणं सगळं कानडी आणि इंग्रजी. टेबलावर चित्रं, पेले, ठोकळे, एक बाहुली मांडलेली. वासंती टीचर बाहेर व्हरांड्यात पोरांची वजनं करत होती. मी एकेका पोराला आत आणून बसवत होते. मॅडमनं आधीच बजावलेलं, मध्ये कुणी बोलायचं न्हाय, खुणा करायच्या न्हाईत, मुलाचं आपसूक जे येईल तेच पायजे. ती माझी नात आहे, हे मी सांगितलं न्हाय. वशिला लावते म्हणतील, असं वाटलं.

स्वरालीला मी खुर्चीत बसवलं. पाय जमिनीला टेकेनात तिचे. मॅडमनं पहिलं चित्र वर धरलं, कुत्र्याचं.

"इदु एनु?" हे काय, असं कानडीत.

आमच्या गावात मराठी बोलतात. पोरीला कानडी कुठलं कळतंय? तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. मग तिनं मान खाली घातली आणि पुटपुटली, "न्हाय."

मला कळत न्हाय, असं तिचं म्हणणं. पण मॅडमचा चेहरा एकदम फुलला. "नायी! व्हेरी गुड!" म्हणाली आणि पोरीच्या मनगटावर एक चमकणारी चांदणी चिकटवली.

पोरगी चांदणीकडं बघत राहिली. मग मॅडमनं हत्ती दाखवला. "इदु एनु?"

"न्हाय," स्वराली म्हणाली आणि मनगट पुढं केलं.

चांदणी मिळाली न्हाय. मॅडमनं कपाळाला आठी घालून लिहून घेतलं. तिसरं चित्र घराचं. पोरगी जरा मोठ्यानं म्हणाली, "न्हाय!" चौथ्याला त्याहून मोठ्यानं. शेवटी शेवटी तर खुर्चीवर उभी राहून, हात पुढं करून ओरडत होती, "न्हाय! न्हाय!" आणि मॅडमसुद्धा तोंडातल्या तोंडात "नायी... नायी..." करत लिहीत होती.

मला वाटलं, बाईला थोडं मराठी येतंय. पोरगी न्हाय म्हणते म्हणून तीपण न्हाय न्हाय करून फुल्या मारतेय. माझं माहेर चिकोडीकडचं. कुत्र्याला कानडीत नायी म्हणतात हे मला परकर घालायच्या वयापासून ठाऊक. पण त्या टायमाला डोक्यात उजेड पडला न्हाय तो न्हायच. ह्याचा राग मला अजून माझ्यावरच येतो.

मग पाण्याचा खेळ. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी. त्यातलं एक पोरीच्या देखत उंच, बारीक ग्लासात ओतलं आणि विचारलं, कशात जास्त आहे. स्वरालीनं तो उंच ग्लास उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला. सकाळी तिखट उप्पीट खाल्लेलं, तहान लागणारच. वासंती टीचरनं मला पुढं सांगितलं, की पियाजे म्हणून कोण मोठा माणूस होऊन गेला. त्यानं शोधून काढलंय, की सहा-सात वर्षांपर्यंतचं पोर नजरेला जे दिसतं त्यावरच जातं, उंच ग्लासात पाणी जास्त आहे म्हणतं. असेल बाबा. मी त्या माणसाला नावं ठेवत न्हाय. त्यानं पोरांजवळ बसून, त्यांच्या भाषेत बोलून, वर्षानुवर्षं बघितलं म्हणे. ह्या बाईनं माझ्या नातीजवळ अकरा मिनिटं काढली.

शेवटी बाहुली दिली, खेळ म्हणून. स्वरालीनं बाहुलीला उलटंसुलटं बघितलं. मग टेबलावरचा मॅडमचा रुमाल घेतला, बाहुलीच्या नाकातोंडावरनं दोन वेढे घेऊन मागं गच्च गाठ मारली. टेबलाखाली सावलीत निजवलं आणि थोपटायला लागली.  मॅडम मात्र डोळे मोठे करून बघत होती. मग मोबाईलवर एक फोटो काढला आणि लिहायला लागली ती थांबेचना.

नऊ दिवसांनी कागद आला.

मी मोरीत पातेलं घासत होते. वासंती टीचर दाराशी येऊन उभी राहिली. हातात कागद, तोंड उतरलेलं.

"शालूआक्का, स्वरालीचं आलंय."

"काय आलंय? घेतली न्हवं?"

ती वाचायला लागली. कानडी वाचायची आणि मला मराठीत सांगायची. मूल सर्व वस्तूंना कुत्रा म्हणते. सूचना समजत नाही. बाहुलीचे तोंड बांधले, आक्रमक वृत्ती. बुद्धीची वाढ अडीच वर्षांच्या मुलाइतकी. एलकेजीस अयोग्य. दर आठवड्याला बेळगावच्या विशेष केंद्रात न्यावे.

"कुत्रा?" मी म्हटलं. "कुत्रा कवा म्हणाली ती?"

"हे बघा की, लिहिलंय. नायी, नायी, नायी. बारा चित्रं, बाराबी नायी."

तेव्हा मला कळलं. हातातलं पातेलं खाली पडलं, राखेचं पाणी टीचरच्या साडीवर उडालं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं तोंडावर हात घेतला. हसायला आलं होतं तिला, ते मी बघितलं. मग तिचा चेहरा पांढरा पडला.

"आता वर गेलंय आक्का. साहेबांची सही झालीया."

"मग खालनं परत पाठवा की. चुकलंय म्हणून लिवा."

"मी कसं लिवू? मी व्हरांड्यात हुतो. आणि तुमी आजी. आजीचं कोण ऐकणार?"

थू असल्या सहीवर! पण टीचरला कसा दोष द्यायचा? तिचं पोट त्याच नोकरीवर आहे.

घरी गेले तर माझ्याआधी बातमी पोचलेली. नागेंद्र पहिली पाळी करून आलता. तो भिंतीला टेकून बसलेला. रूपाली चुलीपुढं मान खाली घालून. मी 'न्हाय' आणि 'नायी'चं सगळं त्याला फोड करून सांगितलं. दोनदा सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, ती बेंगळुरास्नं आलेली शिकलेली बाई चुकंल, आणि तू सातवी पास बरोबर?"

"अरं, मी तिथं हुतो! माझ्या कानानं ऐकलंय!"

"तुझी नात हाय म्हणून तुला तसं वाटतंय." मग रूपालीकडं वळला. "दिवसभर पोरीला तंबाखूत घिऊन बसतीस. त्या वासानंच डोकं गेलं तिचं."

"मग तुमी बसवा की फॅक्टरीत!" रूपाली म्हणाली आणि रडायला लागली. स्वराली उंबऱ्यावर बसून, तिथं चिकटवून ठेवलेली चांदणी नखानं खरवडत होती. आपल्याबद्दल चाललंय हे तिला कळत होतं. पोरांना सगळं कळतं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या घरात जे सुरू झालं, ते आठवलं की अजून किळस येते. जो येईल तो पोरीची परीक्षा घ्यायचा. नागेंद्राचा चुलतभाऊ भावकू आला. जन्मात त्यानं कधी पोरीला मांडीवर घेतलं न्हाय. त्यानं कोपऱ्यातला विळा उचलून तिच्या नाकापुढं धरला.

"सांग बगू, ह्ये काय?"

पोरगी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. विळा तिला ठाऊक न्हाय? हंगामभर विळ्याच्या शेजारी बसते ती.

"बगा," भावकू म्हणाला, "खरंच हाय गा." आणि चहा पिऊन गेला.

पलीकडची मालुबाई आली. तिनं स्वतःचा कान धरून विचारलं. मग तिची सून आली. कुणी तांब्या दाखवायचं, कुणी चप्पल. पोरांनी तर गल्लीत नवीनच खेळ काढला. ती दिसली की "नायी, नायी" करून भुंकायची. दोन-तीन दिवस स्वराली कायतरी उत्तर द्यायची. मग हळूहळू बंद झाली. विचारलं की माझ्या पदरात तोंड घालायची. चार दिवसांनी तर माझ्या पदरातपण येईना झाली. कारण मीपण तसलीच निघाले. एकदा जेवताना तिच्यापुढं चमचा धरला आणि म्हटलं, "स्वरा, ह्ये काय गं?" मलाही बघायचं होतं. मनात कुठंतरी शंका शिरली होती. पोरीनं ताट सरकवलं आणि उठून गेली. त्या दिवशी मला माझीच घाण वाटली.

तंबाखूचं काम थांबत न्हाय. रानात झाडं कापून पडलेली, उन्हानं पानं कुरकुरीत झालेली. पाला हातात घेतला की चीक बोटांना बसतो, काळा, कडू. मातीनं घासा, साबणानं धुवा, भाकरी कडूच लागते. आम्ही बारा बायका रांगेत वाकलेल्या. रूपाली माझ्या पुढच्या ओळीत. तिनं मोबाईलवरनं कानडी शब्द उतरून घेतलेले आणि बांधावर बसलेल्या पोरीला वाकल्या वाकल्या ओरडून विचारायची.

"स्वरा! हत्तीला काय म्हणायचं? आने! म्हण, आने!"

पोरगी तोंडाला फडकं बांधून गप्प.

"घराला? मने! दूध? हालू! म्हण की गं!"

बाकीच्या बायका ऐकत होत्या. कुणी हसलं न्हाय, पण कुणी गप्पसुद्धा बसलं न्हाय. एकीनं विचारलं, "कुठल्या डागदरला दावलं?" दुसरी म्हणाली, "आमच्या भावजयीचा बी असलाच हाय." रूपाली ताठ झाली. तशीच बांधावर गेली, पोरीच्या तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "बोल! आने म्हण! बोल म्हणतो न्हवं!" आणि एक ठेवून दिली.

चिकाची पाच बोटं गालावर काळी उठली. स्वराली रडली न्हाय. तिनं फडकं परत नाकावर ओढून घेतलं आणि गाठ मारायला लागली. तिला मागची गाठ नीट येत न्हाय, तरी मारत राहिली.

मी रूपालीचा हात धरला. "मारतीस व्हय गं तिला? एक कानडी शब्द येत न्हाय म्हणून?"

"मग मी काय करू, आत्ती?" ती ओरडली. "बेळगावला दर आठवड्याला कोण नेणार? मला कामावर ठेवतील? गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाय! तुमीच तिला त्या खुर्चीत बसवलीसा, तुमीच!"

ते खरं होतं.  मी पुढची ओळ धरली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बेळगावला शिबिर होतं, त्याच संस्थेचं. बालविकासाचं शास्त्र ह्या विषयावर. सगळ्या टीचर आणि आया, असा हुकूम. मी ठरवूनच गेले. निपाणीहून एसटी धरली, वासंती टीचर खिडकीला आणि मी तिच्या शेजारी. दोन तास ती एकच सांगत होती, "आक्का, तिथं कायबी बोलू नगा. मी विनंती करतो तुमाला."

"मी गप्पच बसतो," म्हटलं मी.

मोठा हॉल, पंखे, पडदा, दोनशे बायका. पुढं श्रिया मॅडम. तिच्या बाजूला संस्थेचे इथले मुख्य, आनंद सर. बेळगावच्याच टिळकवाडीतला मराठी माणूस, केस पांढरे, बोलणं मऊ. मॅडमनं पडद्यावर पायऱ्या दाखवल्या, पोराचं मन कसं पायरी पायरीनं वाढतं त्या. चुकीचं काही सांगितलं न्हाय तिनं. पोराला आधी बघा, त्याचं घर बघा, मग शिकवा, असंसुद्धा सांगितलं. मी ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. एवढं सगळं येतंय तुला, बये, मग तू माझ्या पोरीकडं बघितलंस कुठं?

मग ती म्हणाली, आता एक खरं उदाहरण. आणि पडद्यावर फोटो आला. डोळ्यांवर काळी पट्टी ओढलेली, पण माझी स्वरालीच. टेबलाखाली, रुमाल बांधलेल्या बाहुलीला थोपटताना.

"ह्या मुलीला सगळं जग म्हणजे कुत्रा," मॅडम म्हणाली. "हत्ती? नायी. घर? नायी. आई? नायी."

हॉल हसला. दोनशे बायका हसल्या. माझ्यासारख्याच आया, माझ्यासारख्याच आज्या. आईच्या चित्राला कुत्रा म्हणाली, म्हणून पदर तोंडाला लावून हसल्या.

मी उठले. टीचरनं माझा पदर ओढला, तो मी सोडवून घेतला.

"मॅडम," मी कानडीतच म्हटलं, सगळ्यांना कळावं म्हणून, "ती पोरगी मराठी आहे. ती 'नायी' म्हणाली न्हाय, ती 'न्हाय' म्हणाली. न्हाय म्हणजे इल्ला. ठाऊक न्हाय, असं सांगत होती ती. तुम्ही पहिल्याच चित्राला चांदणी दिली, म्हणून बाराही वेळा तेच म्हणाली. आणि तोंड बांधलं ते मारायला न्हाय. तंबाखूत आम्ही तिचं तसंच बांधतो, जगावी म्हणून."

 मग मागनं कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा हॉल परत हसायला लागला, आधीपेक्षा जास्त. आता मॅडमला हसत होत्या. ह्या बायकांना हसायला कुणीतरी पायजे, एवढंच. मॅडमचे डोळे भरले. पण तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय, आनंद सरांकडं बघितलं. सर उठले, हसतमुखानं म्हणाले, "चहाची वेळ झाली," आणि दिवे लावले.

चहाला त्यांनी मला बाजूच्या खोलीत बोलावलं. खुर्ची दिली. सतरा वर्षांत पहिल्यांदा कुणा साहेबानं मला खुर्ची दिली.

"मावशी, बिस्कीट घ्या."

"नगो. सर, तुमी तर मराठी. तुमाला 'न्हाय' कळतंय न्हवं?"

"कळतं की. मी अहवाल वाचला तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तवाच?"

"हो. पण तोवर आकडे वर गेले होते, मावशी. प्रत्येक तालुक्यातली किती मुलं मागं आहेत, त्यांना आपण किती महिन्यांत वर आणणार, सगळं ठरून गेलं होतं." ते चहात बिस्कीट बुडवून खात होते. मऊ झालेला तुकडा पडू नये म्हणून तोंड खाली नेत होते. 

"मग आता चूक झाली म्हणून लिवा आणि नाव काढा."

"चूक म्हणून नाव निघत नाही. एक चूक मान्य केली, तर चाळीस गावांच्या चाचण्या परत घ्या म्हणतील. मग तुमच्या गावचा वर्गच यंदा सुरू व्हायचा नाही. पंचवीस मुलांचं नुकसान." त्यांनी एक छापील कागद माझ्यापुढं सरकवला. "पण बरी झाली म्हणून नाव निघतं. आमच्या मार्गदर्शनाखाली महिनाभर घरी सराव घेतला, मूल बोलू लागलं, प्रगती उत्तम. खाली पालकाची सही. उद्या सकाळी तिचं नाव एलकेजीत."

"पण ती आजारीच न्हवती!"

"ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक." पेनचं टोपण काढून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "मावशी, तुमची नात तुम्हाला वर्गात पाहिजे का नको?"

मी कागदाकडं बघत बसले.  फाडून त्याच्या चहात टाकावा असं वाटलं. मग काय होईल? मी घरी जाईन ताठ मानेनं, आणि पोरगी जाईल बांधावर. गल्लीत पोरं भुंकतील. रूपाली परत हात उगारील. नागेंद्र तिला कुठल्या तरी केंद्रात नेऊन सोडेल आणि तिथं खरोखरच ती जशी कागदावर आहे तशी होईल. सुरुवात झालीच होती. सहा दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती.

मी सही केली. शालूबाई, मराठीतच, वाकड्यातिकड्या अक्षरात.

"छान," सर म्हणाले. "सोमवारी आमची माणसं कॅमेरा घेऊन येतील. छोटंसं. मुलीनं एकच वाक्य बोलायचं, कानडीत. पाठ करून घ्या हं." त्यांनी ते वाक्य एका चिठ्ठीवर मराठी अक्षरांत लिहून दिलं. अक्षर लई सुंदर त्यांचं.

घरात दिवाळी झाली. टीचरनं बातमी फोनवर आधीच दिलेली. नागेंद्र पेढे घेऊन आला. माझं 'न्हाय' आणि 'नायी' ज्याला पटलं न्हाय, त्याला छापील कागद लगेच पटला. "बगा, शिकलेल्या माणसांचं कसं असतंय," म्हणाला. रूपालीनं देवापुढं दिवा लावला आणि हात जोडताना मॅडमचंपण नाव घेतलं. मी ऐकलं. भावकू येऊन पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवून गेला. मालुबाईनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "काय औषीद दिलं गं त्यांनी? माझा नातूबी जरा मंदच वाटतोय. त्याचंबी नाव घालतीस काय त्यात?"

मी पेढा हातात घेऊन मागं गोठ्यात गेले आणि म्हशीपुढं टाकला.

सोमवारी सकाळी मी स्वरालीला न्हाऊ घातलं. दोन वेण्या घातल्या, पिवळा फ्रॉक घातला. परसात ऊन होतं. तिला दगडावर बसवून मी समोर बसले. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याजवळ आपणहून बसली होती.

"आज्जी," ती म्हणाली, "मी आदी येडी हुतो व्हय?"

"कुणी सांगितलं?"

"सगळी म्हणत्यात. आता बरी झालीस म्हणत्यात."

मला सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण दहा वाजता कॅमेरा येणार होता, आणि पोरीच्या पोटात गोष्ट राहत न्हाय. ती तिथं खुर्चीत बसून सगळ्यांसमोर म्हणाली असती, आज्जी म्हणती मी येडी न्हवतोच. मग गेलं सगळं.

"व्हय," मी म्हटलं. "आदी तुला बोलाय येत न्हवतं. आता येतंय. आता आज्जी सांगती तसं म्हण हां." मी चिठ्ठी उघडली. "मोदलु ननगे मातु बरतिरलिल्ला."

"म्हंजे काय?"

"म्हंजे, आदी मला बोलता येत न्हवतं."

तिनं ओठ हलवून बघितले. डोळे बारीक केले. मग पाय हलवत, सगळंच्या सगळं वाक्य, एक अक्षर न चुकता म्हणाली.

एकदाच सांगितलं होतं मी. दुसऱ्यांदा सांगावं लागलं न्हाय.